जड तुकडा

कोपरा

"ही बादली आमची आहे," असं म्हणून चिमटी फुटपाथच्या मधोमध थांबली.

मागून येणारा ढब्बू तिच्यावर आदळला आणि ढब्बूच्या मागून बडबडत येणारी रेडिओ ढब्बूवर. रेडिओची बडबड मात्र थांबली नाही. ती आदळता आदळताही बोलत होती.

"कुठली बादली? मला एकही बादली दिसत नाही. आणि बादली तुमची असेल तर ती रस्त्यावर कशाला येईल? ढब्बू, तुझी पाठ आहे की गादी?"

"गादीवर आपटलीस म्हणून वाचलीस," ढब्बू म्हणाला.

चिमटीने बोट दाखवलं. समोर छपाईच्या दुकानाची काच होती. काचेवर नमुन्याचे स्टिकर ओळीने चिकटवलेले: फुलं, मोटारी, 'आत या', 'जोरात ओढा'. अगदी खाली कोपऱ्यात तळहाताएवढा जिगसॉचा एक तुकडा होता. एका बाजूला बाहेर आलेली मुंडी, दुसऱ्या बाजूला आत गेलेली खाच. तुकड्यावर लाल विटांची भिंत, अर्धी खिडकी, खिडकीतून लोंबणारी मांजराची शेपटी, पावसाच्या पाण्याचा पाइप आणि पाइपाखाली निळी बादली. बादलीच्या पोटाला पोचा.

ढब्बू गुडघ्यांवर बसला. त्याने नाक काचेला लावलं.

"हा माझा पोचा आहे," तो हळूच म्हणाला. "मीच लाथ मारली होती. आठवडाभर अंगठा सुजला होता."

सुट्टी लागल्यापासून आकाशाचा रंग बदलला नव्हता. बाबा असते तर त्यांनी त्या राखाडीला 'भिजलेलं पोतं' असं काहीतरी नाव दिलं असतं. रंगांना नावं देण्याची त्यांना खोड होती. आणि ही रेघ त्यांचीच होती. शेपटीला टोकाशी दिलेली ती आळसावलेली वळणं दुसऱ्या कुणाला जमली नसती.

पण ते चित्र तर जगात कुठे उरलंच नव्हतं, कारण

कड

मामाने ते पुसून टाकलं होतं. मुद्दाम नाही. पण पुसलेलं ते पुसलेलंच.

चिमटीच्या घराखालीच त्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक लांबट खोली. एका टोकाला बाबांचा कॉम्प्युटर, दुसऱ्या टोकाला लेझरचं मशीन आणि मध्ये मोठं टेबल. बाबा चित्र काढायचे, मामा ते लाकडावर कापायचा, आई तुकड्यांच्या कडा घासून ते डब्यांत भरायची. मशीनच्या जाळीत अडकलेले बारीक तुकडे दोन बोटांनी उचलायचं काम मुलीचं, म्हणून तिचं नाव चिमटी. ढब्बू हा मामाचा मुलगा. त्याला ते नाव का पडलं, हे त्याला बघितल्यावर विचारावं लागत नसे. रेडिओ शेजारच्या लॉन्ड्रीतली. तिचं बंद करायचं बटण तिच्या घरच्यांनाही अजून सापडलेलं नव्हतं.

बाबांचं चित्र कागदावर नसायचं. व्हेक्टर चित्र म्हणजे नुसत्या रेघा आणि त्या रेघांत भरलेले रंग. प्रत्येक रेघ सुटी, हवी तेव्हा उचलावी, हवी तशी वाकवावी. कितीही मोठं करून बघा, कडा फाटत नाहीत. बाबा आधी भिंत काढत, तिच्यावर खिडकी, खिडकीवर पडदा, पडद्यासमोर मांजर. एकावर एक, पत्त्यांच्या गड्डीसारखं. सगळ्यात शेवटी जिगसॉच्या मुंड्या आणि खाचा.

इथे बाबांचं आणि मामाचं एक जुनं भांडण होतं.

"दाजी, रेघेवरून चित्र सरळ कापून टाका ना," मामा म्हणायचा. "तुकडे सुटे, फाईल हलकी."

"मी चित्राला कात्री लावत नाही. तुकड्याचा आकार करतो आणि चित्र त्याच्या आत ठेवतो."

"आणि फाईलचा हत्ती होतो त्याचं काय?"

"हत्तीला चारा घाल."

आजारी पडल्यावर बाबांनी गल्लीचं चित्र काढायला घेतलं. गल्लीतली सगळी माणसं त्यात असणार होती. पूर्ण होईपर्यंत कुणी बघायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. चिमटीला त्यांच्या खांद्यावरून एकदाच दिसलं: खिडकी, शेपटी, बादली.

"मी कुठे आहे?" तिने विचारलं होतं.

"आहेस. पण शोधायचं तू."

मग बाबा गेले. काही दिवसांनी त्यांचा कॉम्प्युटर अडकायला लागला. मामा जागा करायला बसला आणि त्याने यादीत सगळ्यात जड फाईली वर आणल्या. सगळ्यांच्या नावात 'चाचणी' होतं. मामाला वाटलं, या सगळ्या कच्च्या असणार. त्याने त्या उडवल्या, त्यांच्या शेजारी ठेवलेल्या प्रतीही उडवल्या आणि वर कॉम्प्युटरमधली कचऱ्याची टोपली रिकामी केली. दुरुस्तीवाल्याने डिस्क दोनदा नेली आणि दोन्ही वेळा नकारार्थी मान हलवत परत आणली.

आई रागावली नाही. तेच वाईट झालं. तिने लेझरच्या मशीनवर जुनी चादर टाकली आणि ती वर निघून गेली. तेव्हापासून बहीण-भाऊ मुलांमार्फत बोलत.

"मामाला सांग, वाढलंय," आई म्हणायची. मामा हातभर अंतरावर उभा असायचा.

"आईला सांग, भूक नाही," मामा म्हणायचा.

आणि आज त्याच चित्रातली बादली दुकानाच्या काचेवर होती. म्हणजे कुणाकडे तरी ते चित्र

मुंडी

"नाहीये माझ्याकडे कसलं चित्रबित्र," छपाईवाले म्हणाले.

दुकानाची पाटी होती 'झटपट छपाई', म्हणून मुलांनी आत शिरण्याआधीच त्यांचं नाव झटपटकाका ठेवलं होतं. नाव चुकलं नव्हतं. एका हाताने ते वायर गुंडाळत होते, दुसऱ्या हाताने खोका फाडत होते आणि पायाने खुर्ची बाजूला ढकलत होते. टेबलाखाली नव्या कॉम्प्युटरचे खोके रचलेले. टेबलावर जुना, पंख्याचा घरघर आवाज करणारा.

"काचेवरचा तुकडा कुणाचा मग?" चिमटीने विचारलं.

"तो होय? गिऱ्हाइकाचा. डब्याच्या झाकणावर लावायचा होता, रंग तपासायला एकच पाठवला होता. लाल इतका झकास आला की एक मी काचेवर लावला."

"ती फाईल आम्हाला हवी आहे. ती आमची आहे."

"हे बघ, एका गिऱ्हाइकाची फाईल मी दुसऱ्याला देत नाही. ज्याची आहे त्याला पाठव."

"त्यांना येता येणार नाही," ढब्बू म्हणाला.

"मग फोन करायला सांग. बाजूला व्हा जरा, हे जुनं धूड न्यायला माणूस येतोय."

"ते गेले," चिमटी म्हणाली.

"कुठे गेले?"

रेडिओने पायातल्या चपलेकडे बघितलं.

झटपटकाकांचा वायर गुंडाळणारा हात थांबला. "ते... फोनवर मला लाल रंगाबद्दल तासभर छळायचे, मध्येच खोकायचे, ते?"

"माझे बाबा."

वायरचं वेटोळं त्यांनी खाली ठेवलं. मग खुर्ची ओढून बसले.

"पण बाळ, माझ्याकडे खरंच एकच तुकडा आहे. तो मोठा करून छापून देतो. चालेल?"

चिमटीने मान डोलावली. काहीच नसण्यापेक्षा बादली तरी बरी.

त्यांनी फाईल उघडली. पडद्यावर गोल चक्र फिरायला लागलं. फिरतच राहिलं. पंख्याची घरघर वाढली.

"हे असं," झटपटकाका वैतागून म्हणाले. "एवढासा तुकडा आणि उघडायला मशीनचा जीव जातो. तेव्हाही हाच ताप. छापायला दिली तर दोनदा बंद पडलं होतं."

चिमटी चक्राकडे बघत होती. अर्धी खिडकी. एक शेपटी. एक पाइप, एक बादली. यात जड काय होतं? असलं चित्र तर शाळेतल्या खटारा कॉम्प्युटरवरही पटकन उघडलं असतं. यात हत्ती कुठे

हत्ती.

तिने ढब्बूची बाही धरली आणि त्याला कपाटाच्या आड ओढलं.

"सगळं चित्र त्याच्या आत आहे," ती कुजबुजली.

"कशाच्या?"

"तुकड्याच्या. बाबा कापत नव्हते ना? अख्खं चित्र तुकड्याच्या आकारात ठेवायचे. आकाराच्या बाहेर जातं ते नुसतं दिसत नाही. पुसलेलं नसतं. तुकडा म्हणजे खिडकी आहे, ढब्बू. गल्ली बाहेर तशीच उभी आहे."

ढब्बूने तोंड उघडलं, मिटलं आणि पुन्हा उघडलं. "म्हणून फाईली जड. आणि जड म्हणून आमच्या बाबांनी..."

"हो."

सुट्टीभर घरात ढब्बूच्या बाबांकडे कुणी धड बघत नव्हतं, आणि ते ढब्बूला सगळ्यांत जास्त दिसत होतं.

एवढ्यात झटपटकाकांनी समाधानाने हात चोळले. तुकडा पडद्यावर आला होता. "आता याला सपाट करून टाकतो. मग लोण्यासारखा छापला जाईल."

"सपाट म्हणजे?" चिमटीने वळून विचारलं.

"जे दिसतंय त्याचा एक फोटो. बाकीचा फापटपसारा गायब. आणि त्याच नावाने सेव्ह केला की तुझी फाईल हलकीफूल."

"नको! थांबा. त्याच्या आत पूर्ण चित्र आहे."

झटपटकाका हसले. वाईट नाही हसले, मोठी माणसं हसतात तसे हसले. "अगं, माझे केस यात पांढरे झाले. एका तुकड्यात एकच तुकडा असतो."

"तुम्ही नुसतं बघा तरी..."

"बघायला वेळ कुठे आहे?"

खरंच नव्हता. दारात हातगाडीवाला येऊन उभा राहिला. "मशीन द्या लवकर. गाडी रस्त्यात लावली आहे, मागचे शिव्या देतायत."

झटपटकाकांचा बाण मेनूकडे सरकला.

चिमटीने ढब्बूकडे बघितलं. ढब्बूने रेडिओकडे. सुट्टीत पहिल्यांदाच कुणालाही काहीही सांगावं लागलं नाही.

"दादा," रेडिओ हातगाडीवाल्यासमोर जाऊन उभी राहिली, "ही गाडी तुमची स्वतःची की भाड्याची? चाकं तीनच का दिसतात? चौथं आत आहे होय? आमच्या लॉन्ड्रीच्या गाडीचं चाक पण असंच आत जायचं, मग एकदा ते..."

आणि ढब्बू काचेपाशी जाऊन, पाठ दुकानाकडे करून, स्वतःशीच बोलल्यासारखा पण चांगला मोठ्याने म्हणाला, "काय राव, एवढं नाव ऐकलं होतं या लालचं. हा तर गुलाबी झालाय."

झटपटकाकांचं बोट माऊसवर होतं. ते तिथेच राहिलं.

"काय म्हणालास?"

"काही नाही. काचेवर राहून उतरला असेल. तुमचा दोष नाही. सगळ्यांचेच उतरतात."

"सगळ्यांचे उतरत असतील. माझा लाल उतरत नाही."

"असेल बुवा. मला रंगातलं कळत नाही. पण त्या 'जोरात ओढा'च्या लालपुढे धरून बघितलं तर..."

झटपटकाका उठले. खुर्ची मागे कलंडली. "दाखव. बाहेर चल, उजेडात दाखव," म्हणत ते दुकानाबाहेर पडले, आणि चिमटी रिकाम्या जागेवर

खाच

बसली.

तिने तुकड्यावर बाण नेला, माऊसचं उजवं बटण दाबलं. शब्दांची लांब यादी उघडली. बाबांना हे करताना तिने कितीतरी वेळा बघितलं होतं, पण बघणं वेगळं. तिसरी ओळ? नाही. खालून दुसरी.

'आतलं बाहेर काढा.'

दाबलं.

बादली नाहीशी झाली. शेपटीही. तुकड्याचा नुसता पोकळ आकार उरला, मुंडी आणि खाच असलेली एक रेघ. चक्र फिरत राहिलं.

मग पडद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत राखाडी रंग पसरला. भिजलेलं पोतं.

मग भिंती आल्या. एकेक. लाल विटांची आधी, तिच्या शेजारी पिवळी, मग लॉन्ड्रीची पांढरी. भिंतींना दारं फुटली. दारांना कड्या लागल्या. जिना खालून वर चढत गेला, पायरीनंतर पायरी. खिडक्या, पडदे, मग तारा, तारांवर कपडे.

जुनं मशीन हळू होतं, म्हणून ते सगळं एकदम आलं नाही. ज्या क्रमाने काढलं होतं, त्याच क्रमाने एकावर एक येत गेलं. चिमटीला मध्येच कळलं, आपण चित्र बघत नाही आहोत. आपण बाबांना ते काढताना बघत आहोत. इथे ते थांबले असतील. इथे खोकले असतील. इथे त्यांना मांजर आठवलं असेल, कारण मांजर सगळ्यांच्या नंतर, मागाहून आलं.

माणसं आली. शेवटी एक कावळा तारेवर बसला.

चक्र त्यानंतरही थोडा वेळ फिरलं आणि मग थांबलं.

"कोण म्हणतं गुलाबी?" झटपटकाका परत आले. मागोमाग ढब्बू, शरण आल्यासारखे हात वर करून. "चांगला रक्तासारखा लाल आहे. चष्मा लाव म्हणावं..."

ते टेबलापाशी आले. पडद्याकडे बघितलं. वाकून, अगदी जवळ जाऊन बघितलं.

"हे कुठून आलं?"

"तुकड्यातून," चिमटी म्हणाली.

हातगाडीवाल्याने आत डोकं घातलं. तो थोडा चक्रावलेला दिसत होता. "अहो, मशीन देताय की जाऊ? ही मुलगी माझ्या आजीचं नाव विचारतेय."

"थांब जरा," झटपटकाका त्याच्याकडे न बघता म्हणाले. ते शब्द त्यांच्या तोंडून बहुधा पहिल्यांदाच निघाले असावेत. त्यांनी कलंडलेली खुर्ची उचलली, पण बसले नाहीत. "मी सपाट करणार होतो. एक क्षण अजून, आणि..."

त्यांनी खणातून दोन पेन ड्राइव्ह काढले, दोन्हींवर चित्र उतरवलं, आणि एक चिमटीच्या, एक ढब्बूच्या हातात ठेवला.

"दोघं वेगवेगळ्या फुटपाथने जा," ते म्हणाले.

"आणि मी?" रेडिओने विचारलं.

"तू दोघांना ऐकू येईल असं बोलत जा."

मधला

मामा कारखान्यात अंधारात बसला होता. दिवसासुद्धा तिथे दिवा लागायचा, पण त्याने तो लावला नव्हता. ढब्बूने काही न बोलता पेन ड्राइव्ह लावला.

चित्र यायला लागलं, तसा मामा उभा राहिला. त्याने हात पुढे केला आणि पडद्याला न लावताच मागे घेतला. मग जिन्याकडे तोंड करून हाक मारायला गेला, पण कुणाच्या नावाने मारावी हे न सुचल्यासारखा थबकला.

"आईला सांग," तो म्हणाला, "खाली ये म्हणावं."

आई आली. पदराला हात पुसत आली आणि तशीच, पदर हातात धरून उभी राहिली.

सगळी गल्ली तिथे होती. लॉन्ड्रीच्या दारात इस्त्री करणारे रेडिओचे वडील, आणि वरच्या खिडकीत, तोंड सताड उघडं असलेली रेडिओ.

"हे माझ्यासारखं नाही," रेडिओ म्हणाली. "माझं तोंड एवढं मोठं नाही."

"खरंय," ढब्बू म्हणाला. "जागा कमी पडली असेल त्यांना."

चित्रातला ढब्बू एका पायावर उड्या मारत होता, अंगठा हातात धरून. मामा शिडीवर चढून पाटी लावत होता, एक खिळा ओठांत. आई कारखान्याच्या उघड्या दारातून दिसत होती, टेबलावर वाकलेली, कानामागे पेन्सिल. तिच्यासमोर बाबांची खुर्ची रिकामी होती. पाठीवर त्यांचा स्वेटर टाकलेला.

आईने रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. खूप वेळ.

चिमटी मात्र एकच गोष्ट शोधत होती. खिडक्या, गच्च्या, जिने. दोरीवरच्या कपड्यांच्या मागे. तिने प्रत्येक दार मोठं करून बघितलं. ढब्बूने बघितलं. मामाने वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत बोट फिरवत बघितलं.

चिमटी नव्हती.

"वेळ मिळाला नसेल गं त्यांना," मामा शेवटी म्हणाला. त्याने ते अगदी हळू, चांगल्या मनाने म्हटलं. म्हणूनच ते

हरवलेला

ऐकवेना. ती बाहेर जिन्यावर जाऊन बसली.

शेवटचा

थोड्या वेळाने ढब्बू आला आणि एक पायरी सोडून बसला.

"मी तुझ्या जागी माझा एक पाय देतो," तो म्हणाला. "तसाही एकाच पायावर उभा आहे मी त्यात."

चिमटी हसली नाही. पण सरकून तिने त्याला जागा दिली.

"ते म्हणाले होते, आहेस," ती म्हणाली. "बाबा उगीच म्हणायचे नाहीत. 'करतो' म्हणाले नव्हते. 'आहेस' म्हणाले होते."

"हं."

"सगळ्यांत शेवटी काय आलं?"

"कावळा."

"कावळ्यानंतर चक्र का फिरत होतं?"

ढब्बूने मान वळवली. "दुकानातलं मशीन जुनं आहे."

"आणि आपलं? आता आपल्याकडे पण फिरलं. कावळा बसल्यावर. मी बघितलं." ती उठून उभी राहिली. "कावळ्यानंतर अजून काहीतरी आलंय. आणि ते दिसत नाहीये."

दोघं आत धावले. आई आणि मामा अजून पडद्यासमोर होते, दोघांमध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडून. चिमटी त्या जागेत शिरली आणि बाबा अधूनमधून वापरत ते बटण तिने दाबलं. त्याने सगळे रंग निघून जातात आणि फक्त रेघा उरतात.

गल्लीचा सांगाडा झाला. विटांच्या भिंतीच्या जागी मोकळा चौकोन. आणि त्या चौकोनाच्या मधोमध, बादलीपासून थोड्या अंतरावर, एक आकृती. खाली वाकलेली. वेणी खांद्यावरून पुढे आलेली. उजव्या हाताची दोन बोटं जुळवून जमिनीवरचं काहीतरी उचलणारी.

गल्लीत असं उचलणारी एकच होती.

चिमटीने रंग परत आणले. आकृती लाल भिंतीत पुन्हा बुडाली. तिने तिथे मोठं केलं, अजून मोठं केलं, तेव्हा विटांच्या लालवर केसाहून बारीक अशी दुसऱ्या लालची रेघ दिसली.

"आत रंग नाही भरला," ती म्हणाली. "रेघच फक्त. म्हणजे अर्धंच..."

"अर्धं नाही," मामा म्हणाला.

त्याचा आवाज बदलला होता. त्याने रेघेवर बाण नेला आणि कोपऱ्यात आलेले आकडे वाचले. "शुद्ध लाल. सगळ्यांत बारीक जाडी. काळी रेघ आली तर माझं मशीन लाकूड नुसतं भाजतं. ही आली की कापतं. ही रेघ बघायची नाही, चिमटे. कापायची आहे." त्याने चिमटीकडे बघितलं. "तू चित्रात नाहीस. तू तुकडा आहेस. भिंतीतून अख्खी सुटून हातात येणार तू. बाकी सगळं दाजींनी स्वतः केलं. एवढं माझ्यासाठी ठेवलं होतं."

मशीनवरची चादर तशीच होती. मामा तिच्याकडे बघत होता, पण हात लावत नव्हता.

आईने कानामागे हात नेला. तिथे पेन्सिल नव्हती. गेले कित्येक दिवस नव्हती. तिने टेबलावरची एक उचलून तिथे खोवली.

"प्लायवूड कुठला घेतोस?" तिने विचारलं.

मामाने सवयीने चिमटीकडे बघितलं, निरोप सांगायला. मग त्याच्या लक्षात आलं.

"ताई, पातळ घेऊ," तो म्हणाला. "जाड घेतला तर बोटांपाशी जळेल."

"मग पातळच घे."

चादर आईनेच काढली.

दुसऱ्या दिवशी झटपटकाका स्वतः छापील कागद घेऊन आले. गुंडाळी दोन्ही हातांवर धरून, रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघून. "तीन वेळा छापला," ते म्हणाले. "लाल मनासारखा येईपर्यंत. त्यांना चालला असता का, सांग." चिमटीने उजेडात नेऊन बघितलं आणि मान डोलावली. मग ते आईकडे वळले. "तुमच्या पोरीने काल मला शिकवलं. मला या वयात फारसं कुणी शिकवत नाही." आणि ढब्बूकडे बघून, "तुला मात्र दुकानात ठेवणार नाही. गिऱ्हाइकं पळतील."

बाकीच्या तुकड्यांच्या मुंड्या आणि खाचा मामाने रात्री बसून आखल्या होत्या. कागद लाकडावर चिकटला. मशीन सुरू झालं, आणि कितीतरी दिवसांनी खोलीत जळक्या लाकडाचा वास भरला. भिंतीपाशी लेझरचा ठिपका आला तेव्हा मामा अगदी जवळ वाकला. वेणी, पाठ, कोपर, दोन बोटं. कुठेही जळलं नाही.

"जमलं," आई म्हणाली. मामाच्या पाठीवर तिने हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. "तुम्ही तिघांनी घर जोडून आणलंत रे," असं ती मुलांना म्हणाली, पण ते म्हणताना तिचा चेहरा हसरा नव्हता, आणि मुलांनाही तो तसा अपेक्षित नव्हता.

संध्याकाळपर्यंत सगळे मोठ्या टेबलाभोवती वाकून तुकडे लावत होते. आधी कडा, मग घरं, मग माणसं. रेडिओने स्वतःचं तोंड स्वतः लावलं. रिकामी खुर्ची आईने लावली. मामाने शिडी. अखेर गल्ली पूर्ण झाली. विटांच्या भिंतीत फक्त एका वाकलेल्या मुलीएवढं भोक उरलं. त्यातून टेबलाचं लाकूड दिसत होतं.

शेवटचा तुकडा चिमटीच्या तळहातावर होता. विटांच्या रंगाची मुलगी. जोरात फुंकर मारली असती तर उडून गेली असती.

"लाव ना," रेडिओ म्हणाली. "सगळे थांबलेत. लावलास की झालं पूर्ण."

चिमटीने भोकाकडे बघितलं. मग दाराशी, भिंतीला टेकवून ठेवलेल्या बाबांच्या खुर्चीकडे.

"उद्या," ती म्हणाली.



"ताई, चल, जेवून घेऊ," मामा म्हणाला.

"चल," आई म्हणाली.

मोठी माणसं वर गेली. चिमटीने तुकडा खिशात टाकला आणि ती जिना चढायला लागली. हातात असताना त्याला काहीच वजन नव्हतं. खिशात मात्र तो प्रत्येक पायरीला जाणवत राहिला.